कांदा परतेपर्यंत एक पान: रात्रीचा स्वयंपाक आणि मुलांची प्रॅक्टिस एकत्र कशी बसवायची

घरात वाद्य शिकणारं पोर असेल आणि रात्रीचं जेवणही घरीच बनत असेल तर संध्याकाळी साडेसहा ते आठ हा वेळ कसा जातो ते वेगळं सांगायला नको. गॅसवर काहीतरी चढवलेलं, एकाचा होमवर्क अर्धा, आणि मधेच आठवतं की अरे, प्रॅक्टिस राहिली. मग स्वयंपाकघरातून हाक मारायची "झाली का गं प्रॅक्टिस?" आणि आतून ठरलेलं उत्तर, "पाच मिनिटांत बसते बाबा". आमची थोरली ११ वर्षांची, व्हायोलिन शिकते, धाकटा ७ वर्षांचा, त्याला ड्रमचं वेड. बायको उशिरा येते म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. आधी प्रॅक्टिस मग स्वयंपाक असं करून पाहिलं तर जेवायला नऊ वाजायचे, आधी जेवण मग प्रॅक्टिस केलं तर पोरं पेंगायची. शेवटी दोन्ही एकाच वेळी करायला लागलो आणि तेव्हापासून घडी बसलीये, म्हणून जसं आम्ही करतो तसं लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, घड्याळ बाजूला ठेवा आणि वेळ पातेल्याला सांगू द्या. मुलांना "२० मिनिटं वाजव" म्हटलं की त्यांचं अर्धं लक्ष काट्याकडे. "भात होईपर्यंत वाजव" म्हटलं की त्याला वास येतो, झाकण खडखडतं, आणि शेवटी ताटात काहीतरी पडतं. लहान मुलांना २० मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही पण भात म्हणजे किती ते बरोब्बर कळतं. आणि आपण कट्ट्यापाशी अडकलेलो असल्यामुळे त्यांच्या डोक्यावर उभे राहत नाही, फक्त कान तिकडे असतो. मला वाटतं हाच यातला सगळ्यात मोठा फायदा आहे, समोर खुर्ची टाकून बसलेला बाप आणि पाठमोरा कांदा परतणारा बाप यात मुलांना जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

आता कशाला किती वेळ. उकळत्या पाण्यात सोडलेलं अंडं ६ ते ७ मिनिटांत मऊ बलकाचं होतं आणि १० ते १२ मिनिटांत पूर्ण घट्ट, म्हणजे मऊ अंड्याएवढ्या वेळात स्केल्स (ओळीने स्वर वर-खाली वाजवणं) होतात आणि घट्ट अंड्याएवढ्यात स्केल्स अधिक एक छोटा व्यायाम. पास्ता साधारण १० मिनिटं. बटाट्याच्या फोडी उकडायला १५ एक मिनिटं. झाकण ठेवून मंद आचेवरचा भात १५ मिनिटं आणि गॅस बंद केल्यावर वाफेवर १०, या जोडीवर आमचा जीव आहे कारण पहिली १५ मिनिटं नवीन धडा आणि नंतरची १० जुनं, येणारं, आवडीचं काहीतरी, आणि त्या १० मिनिटांत झाकण उघडायचं नाही हा नियम दोघांनाही पाठ आहे. कांदा मात्र वेगळा. कांदा मंद आचेवर खरोखर तपकिरी आणि गोडसर करायचा असेल तर ४० मिनिटं लागतात, रेसिपीत पाच-दहा मिनिटं लिहिलेली असतात त्यावर जाऊ नका. थोरलीची पूर्ण प्रॅक्टिस म्हणजे एक कांदा. तिला आता विचारलं की आज किती वाजवलंस तर ती "अर्धा कांदा" म्हणते.

७ वर्षांच्या मुलाला कांदा झेपणार नाही, त्याला एक अंडं पुरे. १० मिनिटं रोज हे रविवारी एकदम तासभर बसवण्यापेक्षा कितीतरी चांगलं, हात आणि कान झोपेत मुरतात म्हणा ना, आज न जमलेली जागा दोन दिवस थोडी थोडी वाजवली की तिसऱ्या दिवशी सहज येते. बेत ठरवताना हे धरून ठरवा. क्लासच्या दिवशी मुलं आधीच दमलेली असतात, त्या दिवशी एका भांड्यात होणारं सूप आणि एक अंड्याएवढी प्रॅक्टिस. ब्रेडचं पीठ मळायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी, मळायला १० मिनिटं आणि फुगायला तासभर, त्या तासात दोघांची पाळी आरामात होते आणि वर आपल्याला चहा प्यायला वेळ मिळतो.

वाद्य कुठे ठेवायचं यावर मी जरा आग्रही आहे. ते दिसायला हवं. कपाटात, पेटीत, पेटीला दोन चेन आणि वर पट्टा असं ठेवलं की काढण्यातच कंटाळा येतो. प्रॅक्टिसच्या वेळेआधी स्टँडवर काढून ठेवा, मूल जाता-येता सहज उचलतं. पण स्वयंपाकघरात ठेवू नका, शेजारच्या खोलीत, दार उघडं, एवढंच. लाकडी वाद्याला हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के मानवते, आणि आपण पास्त्याचं पाणी ओतलं की तिथे एकदम वाफेचा लोट. व्हायोलिनचे भाग अजूनही प्राण्यांपासून केलेल्या सरसाने चिकटवतात, तो मुद्दामच वापरतात कारण दुरुस्तीसाठी वाद्य उघडता यायला हवं, पण उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळाले की तोच सरस नको तेव्हा सुटायला लागतो. तारांचा सूरही हलतो. त्यामुळे गॅसजवळ नाही, हीटरजवळ नाही, उन्हाच्या खिडकीत तर अजिबात नाही.

हात धुणं हा वेगळा विषय करून टाका. तेलकट बोटं तारांना लागली की तारा लवकर खराब होतात, व्हायोलिन वाजवायच्या गजाच्या म्हणजे बोच्या केसांना लागली तर रोझिन (केसांना लावायची राळ) धरतच नाही आणि आवाज घसरतो. मिरची चिरलेल्या हाताने बासरी किंवा क्लॅरिनेट ओठाला लावलं तर काय होईल ते सांगत नाही. तोंडाने फुंकायचं वाद्य असेल तर वाजवायच्या आधी गोड खाऊ-पिऊ नका, निदान चूळ भरून मग वाजवा, नाहीतर साखर आत जाऊन भोकं झाकणारे पॅड चिकटायला लागतात. धाकट्याला हात धुवायला सांगितलं की तो बोटं ओली करून पळायचा, मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारं यंत्र, ६० वर लावून दिला. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, चार ठोक्यांचा एक बार, असे पाच बार झाले की २० सेकंद. आता तो सिंकपाशी एकदोनतीनचार करत पाच बार पूर्ण करतो आणि पाचव्याच्या शेवटी नळ बंद करताना एक ठोका स्वतःचा जास्तीचा देतो.

आता प्रत्यक्ष वाजवण्याचं. लांबून ऐकताना सगळ्यात मोठा मोह म्हणजे चूक ऐकली की लगेच ओरडणं. परवाचंच सांगतो. थोरली एक नवीन तुकडा वाजवत होती, डी मेजर स्केलमधला, आणि तिसऱ्या ओळीत दरवेळी डी तारेवरचं दुसरं बोट थोडं मागे पडत होतं, म्हणजे एफ शार्प हा स्वर उतरलेला. चार वेळा तेच. माझ्या तोंडावर आलं होतं, कांदा नुकता कडेने सोनेरी व्हायला लागला होता आणि मला हलवत राहणं भाग होतं, म्हणून गप्प राहिलो. पाचव्यांदा मी फक्त म्हटलं, "तिसरी ओळ गाऊन दाखव ना." तिने गायली, अगदी बरोबर सुरात. दोन सेकंद शांतता. मग तिने तो एकच स्वर वाजवला, थांबली, बोट केसभर पुढे सरकवलं, परत वाजवला, आणि आतून "अच्छाऽऽ" असा आवाज आला. मी काही बोललो नाही. जे गळ्यात आहे ते बोटात येतं, म्हणून अडलेली जागा आधी गाऊन घ्यायला सांगा, आवाज कसाही असो. आई-बापाला वाद्याचं काही कळत नसेल तरी "गाऊन दाखव" हे कोणालाही म्हणता येतं.

दुसरी युक्ती चण्यांची. दोन वाट्या घ्यायच्या, एकीत पाच सुके काबुली चणे. अवघड जागा, फक्त तेवढीच, दोन-चार बार, हळू वाजवायची. बरोबर आली की एक चणा दुसऱ्या वाटीत. चुकली की सगळे परत पहिल्या वाटीत. पाचही पलीकडे गेले की ती जागा झाली आणि पुढे सरकायचं. ऐकायला साधं वाटतं पण मुलं चौथ्या चण्याला श्वास रोखून वाजवतात, तेव्हा मुद्दाम सांगा की सावकाश, अजून हळू, कारण वेग वाढवला की हमखास चुकतं. पाच फार होत असतील तर तीन घ्या. सात-आठ वेळा सगळे चणे परत यायला लागले तर समजायचं की तुकडा मोठा घेतलाय, निम्मा करा. राजमा घेऊ नका बरं का, कच्चा राजमा तोंडात टाकला तर थोड्याच दाण्यांनी उलट्या होऊ शकतात, आणि घरात चार-पाच वर्षांखालचं मूल असेल तर चणे-दाणे काहीच नको, घशात अडकतात, त्याऐवजी चमचे हलवा.

ड्रमचं काय हा प्रश्न मला नेहमी विचारतात, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी असते. काळजी बरोबर आहे. कानांसाठी वापरला जाणारा एक हिशोब असा की ८५ डेसिबलला दिवसात ८ तास चालतं आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. लहान खोलीत पूर्ण ड्रम सेट १०० ला सहज जातो. म्हणून रोजच्यासाठी रबरी प्रॅक्टिस पॅड, आणि खरा ड्रम असेल तेव्हा कानावर इअरमफ, त्याच्याही आणि जवळ बसणाऱ्याच्याही. आणि स्वयंपाकघरात ड्रम आणू नका, टाइल्स आणि स्टील आवाज शोषत नाहीत, सगळा परत अंगावर येतो. पडदे, गालिचा, पलंग असलेली खोली बरी.

तरीही धाकट्याला स्वयंपाकघरातच यायचं असतं, मग त्याला तिथलं काम दिलंय. भाज्यांच्या नावांवर ताल. "कांदा" दोन, "बटाटा" तीन. मी टाळीवर कांदा-कांदा-कांदा म्हणायचं, त्याने तेवढ्याच वेळात बटाटा-बटाटा-बटाटा, दोघांची सुरुवात एकाच क्षणी. करून पाहा, वाटतं तितकं सोपं नाही, दोनावर तीन हा ताल मोठ्या वादकांनाही शिकावा लागतो आणि आमच्याकडे तो कोशिंबीर कालवता कालवता आला. एक आठवडा तो अडखळत होता, सारखा माझ्या कांद्यात येऊन पडायचा. मग एके दिवशी ताट मांडताना एका हाताने टेबलावर दोन आणि दुसऱ्या हाताने तीन असं आपोआप वाजवायला लागला, मी बघतोय हे त्याला कळलं नव्हतं. मी हातातला चमचा तसाच धरून उभा राहिलो, हलवलाही नाही, कारण हललो असतो तर तो थांबला असता.

मुलांचे कान किती बारीक असतात याचा अंदाज आपल्याला नसतो. एकदा थोरली व्हायोलिन सुरात लावत होती आणि एकदम म्हणाली, "बाबा, फ्रिज 'जी' स्वर लावतोय पण थोडा चढा आहे." मला आधी कळेना. मग हिशोब केला तर पोरगी बरोबर होती. वीज ५० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे) असेल तिथे यंत्रांची घुंइंइं बहुतेक दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झवर येते, आणि व्हायोलिनची सगळ्यात खालच्या सुराची तार 'जी' स्वराची, १९६ हर्ट्झची, तिच्या खालच्या सप्तकातला 'जी' ९८. ९८ च्या जागी १०० म्हणजे किंचित चढा! ६० हर्ट्झची वीज असेल तिथे तीच घुंइं १२० ला येते आणि ए शार्प आणि बी यांच्या मधे कुठेतरी लटकते. आता आमच्याकडे हा खेळच झालाय, मिक्सर कुठल्या स्वरात, एक्झॉस्ट फॅन कुठल्या, कुकरची शिट्टी सुरू होताना कुठे आणि संपताना कुठे. फक्त वाद्य फ्रिजच्या सुरावर लावू देऊ नका, त्यासाठी ट्यूनरवरचा (सूर दाखवणाऱ्या यंत्रावरचा) 'ए' स्वर, ४४० हर्ट्झचा, तोच घ्या.

पाहुणे आले आणि मुलांची वाजवून दाखवायची इच्छा नसेल तेव्हा ग्लास काढा. एकसारखे सहा ग्लास, वेगवेगळं पाणी, चमच्याने हळूच टकटक. जास्त पाणी, खालचा सूर. मग बाटल्या घ्या आणि तोंडावरून फुंका, तिथे उलटं, जास्त पाणी असलेली बाटली वरचा सूर देते. मुलांना आधी विचारा की असं का, लगेच सांगू नका. टकटक केल्यावर काच हलते आणि पाण्याने ती जड होते, फुंकल्यावर आतली हवा हलते आणि पाण्याने हवेची जागा कमी होते. आजीने हे पाहिलं आणि मटार सोलायचे थांबवून अर्धा तास ग्लासात पाणी कमीजास्त करत बसली, शेवटी सा रे ग म लावूनच उठली.

एक वही मात्र जरूर ठेवा, कट्ट्याजवळच. योहान सेबास्टियन बाख यांनी १७२० साली आपल्या थोरल्या मुलासाठी, तो ९ वर्षांचा असताना, अशी वही सुरू केली होती, सुरुवातीला स्वरलिपीच्या खुणा, मग कुठलं बोट कुठे, मग छोटे तुकडे, हळूहळू अवघड होत जाणारे. आपल्याला रचना करता येत नाहीत, हरकत नाही. आमच्या वहीत डाव्या पानावर बेत आणि उजव्या पानावर प्रॅक्टिस. "टोमॅटो सूप, मीठ कमी पडलं. पान १४, दुसरी ओळ हळू." महिन्याभराने मागची पानं चाळताना थोरली म्हणते, हे मला अवघड जात होतं? बाकी कुठल्या कौतुकाची गरजच उरत नाही. वहीवर तेलाचे डाग पडतात, पडू द्या.

मुलांना स्वयंपाकाची कामं देताना वाद्याचा विचार करून द्या. थंडीत वाजवायच्या आधी कोमट पाण्यात भांडी विसळायला द्या, बोटं मोकळी होतात. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात किसणी आणि सुरी हातात देऊ नका, डाव्या हाताच्या बोटाच्या टोकाला साधा चिरा गेला तरी तार दाबताना डोळ्यात पाणी येतं. एरवी सुरी शिकवा, बोटांची टोकं आत वळवून, पेरांच्या आधाराने, सावकाश. हळू आणि सारखं, तेच इथेही.

एखाद्या दिवशी काहीच जमत नाही. कांदा करपतो, तार तुटते, धाकटा रडत असतो. त्या दिवशी एक आवडीचं गाणं वाजवून घ्या, एक अंड्याएवढंही नको, आणि ऑम्लेट-ब्रेड खाऊन झोपा. वहीत "ऑम्लेट" एवढंच लिहा. आमच्या वहीत अशी बरीच पानं आहेत आणि दोघंही अजून वाजवतायत.

कार्यक्रमाच्या रात्रीचं शेवटचं. त्या दिवशी कार्यक्रमाआधी मुलांना हलकं, ओळखीचं काहीतरी द्या, नवीन पदार्थ नको, पोटात आधीच फुलपाखरं असतात. घरी आल्यावर गरम दुधात कोको. पावडर घालून जोरात ढवळा, चमचा काढा, आणि लगेच मगच्या तळाशी आतून चमच्याने टकटक करत राहा. पहिला आवाज खालचा, बोदा, आणि मग प्रत्येक टकटकीला सूर वर वर चढत जातो, कारण ढवळल्यावर आत हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि त्यांच्यामुळे दुधातून जाणारा आवाज मंदावतो, बुडबुडे निघून जातात तसा तो परत वेग घेतो. परत ढवळा, सूर परत खाली. त्या रात्री चार मग, चार चमचे, धाकट्याने बटाटा धरला, आम्ही दोघांनी कांदा, आणि थोरलीने प्रत्येक मगचा शेवटचा स्वर ओळखून सांगितला. दोन-तीनदा ढवळून झालं की फरक कमी होत जातो, तोवर कोको प्यायजोगा कोमट झालेला असतो.